शेऱ्याचा रकाना

‘पारदर्शकता हाच मानवी संस्कृतीचा पाया आहे.’ हे वाक्य कंपनीच्या स्वागतकक्षात वीतभर उंचीच्या पितळी अक्षरांत लावलेलं होतं. ज्या काचेवर ते लावलं होतं तिला आतून धुरकट कागद चिकटवला होता, बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून.

त्या काचेसमोरच्या बाकावर पोचकाका पावणेदहापासून बसले होते. बोलावणं साडेदहाचं होतं आणि आता साडेअकरा होत आले होते.

पोचकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रंगाच्या डब्यांच्या एका कोठारात त्यांनी सत्तावीस वर्षं भांडारपाल म्हणून काढली, आणि त्या सत्तावीस वर्षांत पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हाती झाडूसुद्धा दिला नाही. कोठाराला आग लागली तेव्हा पाण्याची बादली देतानाही काकांनी सही मागितली, असं तिथले हमाल सांगत. ते खोटं होतं. सही त्यांनी आग विझल्यावर मागितली होती.

आठ महिन्यांपूर्वी ते कोठार बंद पडलं आणि पोचकाका चोपन्नाव्या वर्षी घरी बसले. हे वय मोठं अवघड. पेन्शनीला कच्चं आणि नोकरीला पिकलेलं. नऊ ठिकाणी त्यांनी अर्ज दिले. नऊ ठिकाणांहून ‘कळवतो’ असं कळलं. घरात साखरेचा डबा उघडताना बायको आता झाकणाचा आवाज होऊ देत नसे, एवढ्यावर गोष्ट आली होती. हे दहावं ठिकाण गेलं तर अकरावं कुठलं, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ही कंपनी नळाच्या तोट्या बनवायची. तिथल्या हिशेब विभागात पोचकाकांचे जावई नोकरीला होते, आणि त्यांनीच ही जागा शोधून काढली होती.

“मामा, मी माझा शब्द टाकलाय,” जावई म्हणाले होते. “तुम्ही फक्त कागद नीट द्या. आमच्याकडे कागदांना फार महत्त्व.”

कागद म्हणजे चौदा पानांचा अर्ज. त्यात शिक्षणाला दोन ओळी होत्या, अनुभवाला तीन, आणि उरलेली सगळी पानं पोचकाकांच्या खिशात हात घालून उभी होती. एक वर्षाचा बँकेचा उतारा जोडा. डोक्यावरचं कर्ज लिहा. नातेवाइकांना दिलेले उसने पैसे लिहा. विजेचं बिल किती वेळा उशिरा भरलं ते लिहा. घरातले दागिने, अंदाजे वजन.

“वजन?” बायको म्हणाली होती. “माझं नको ना त्यांना?”

“दागिन्यांचं.”

“मग लिहा, लग्नात होतं त्यापेक्षा कमी. आणि का कमी, ते विचारलं तर मला बोलवा म्हणावं.”

पोचकाकांना हे सारं खटकलं नव्हतं असं नाही. कोठारात कुणी बंद खोकं ठेवायला आणलं तर ते वजन करत, मोहोर बघत, नोंद करत. आत काय आहे हे मालकाला कधी विचारत नसत. पण ते भांडारपालाच्या जागी होते तेव्हाची गोष्ट वेगळी, आता ते खोक्याच्या जागी होते. त्यांनी बँकेतून उतारा छापून आणला, आणि त्याच रात्री जेवणाआधी त्यांच्या हातून ती चूक झाली.

उताऱ्यात तारीख होती, तपशील होता, रक्कम होती, शिल्लक होती. उजवीकडे कोरा समास होता. सत्तावीस वर्षं ज्या माणसानं शेऱ्याचा रकाना कधी रिकामा सोडला नाही, त्याला तो कोरा समास बघवेना. त्यांनी पट्टी घेतली, एक उभी रेघ मारली, वर ‘शेरा’ लिहिलं, आणि लाल शाईनं बारा महिन्यांच्या एकेका ओळीपुढे शेरा भरून काढला. अक्षर मोत्यासारखं. भीतीचं कारण नव्हतंच. त्यांचे शेरे आजवर कुणी वाचले नव्हते. शेरा लिहायचा असतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

“काका, या आत,” शिपायानं हाक मारली.

लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यापर्यंत पोचकाका पायऱ्या मोजत चढले. ही त्यांची सवय होती. मजल्यामागे वीस.

खोलीत तिघं होती. एचआरच्या बाई, वयानं पोचकाकांच्या मुलीएवढ्या. हिशेब विभागाचे प्रमुख, म्हणजे जावईबापूंचे साहेब, जाड चष्म्याचे. आणि टेबलाच्या टोकाला मोठे साहेब, कंपनीचे मालक. त्यांच्या हातात एक पितळी तोटी होती. ती ते उघडत आणि बंद करत. पाणी अर्थातच येत नव्हतं. पण दर वेळी ती बारीक कुरकुरे, आणि तेवढाच काय तो त्यांचा मुलाखतीत सहभाग.

चष्मेवाल्यांनी उतारा उचलला आणि भुवया वर नेल्या.

“हे लाल शाईनं काय आहे?”

“शेरा.”

“बँक शेरा देते?”

“नाही. रकाना रिकामा राहत होता, म्हणून मी भरला.”

बाई आणि चष्मेवाले यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चष्मेवाले खुर्चीत नीट टेकून बसले. दुपारपर्यंतची करमणूक हाती आल्यासारखे.

“पाच तारीख, औषधाचं दुकान. शेरा, ‘पत्नीचा गुडघा, डावा.’ नऊ तारीख, औषधाचं दुकान. ‘पत्नीचा गुडघा, उजवा.’”

“पत्नी नेहमी आजारी असतात का?” बाईंनी विचारलं. “म्हणजे तुम्हाला रजा लागतील?”

“गुडघे तिचे आहेत. रजा तीच घेते.”

“पंधरा तारीख, मेहुण्याला उसने. शेरा, ‘परत येणार नाही.’ पुढच्या महिन्यात पुन्हा मेहुणा. ‘परत येणार नाही.’ मग त्याच्या पुढच्या महिन्यात—”

“परत येतो. मेहुणा. रक्कम येत नाही.”

“एकाच महिन्यात दोनदा बूट?”

“पहिला जोड मुलाखतींसाठी घेतला.”

“आणि दुसरा?”

“मुलाखतींना जाऊन जाऊन पहिला झिजला.”

तोटी कुरकुरली. ते हसू होतं की नुसती तोटी, ते कळलं नाही. पोचकाका ताठ बसले होते. आपल्या घरातलं एकेक भांडं कुणीतरी रस्त्यावर आणून मांडतंय आणि येणारेजाणारे त्याला टिचक्या मारून बघतायत, असं त्यांना वाटत होतं. पण नोकरी हवी होती. टिचक्या मारू द्याव्यात. भांडी फुटत नाहीत.

“तीन तारीख,” चष्मेवाले म्हणाले. “रोख जमा. शेरा, ‘दुसऱ्याची ठेव. सांभाळायला.’”

त्यांनी पान उलटलं.

“तीन तारीख. रोख जमा. तोच शेरा.”

आणखी एक पान.

“तीन तारीख.”

तोटी कुरकुरायची थांबली.

शेरे वाचणारं माणूस पोचकाकांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि ते भेटायला हीच जागा सापडली होती.

ती ठेव त्यांच्या मुलीची होती. मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिचा पगार झाला की जावईबापू तिचा मोबाइल मागून घेत, शिल्लक बघत, आणि तापाचा आकडा बघितल्यासारखे मान हलवून परत देत. मारझोड नाही, आवाज नाही. फक्त प्रत्येक पैशाला ‘कुठे गेला?’ हा प्रश्न. सहा महिन्यांपूर्वी एका तीन तारखेला मुलगी भाजीची पिशवी घेऊन आली. पालेभाजीच्या जुडीखाली पाकीट होतं. शाळेबाहेरचे पेपर तपासून मिळवलेले पैसे.

“बाबा, तुमच्या खात्यात ठेवा. आईलासुद्धा सांगू नका.”

कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. पोचकाकांनी विचारलं नाही. खोक्यात काय आहे हे मालकाला विचारत नाहीत. त्यांनी फक्त सवयीनं पोच लिहून तिच्या हातात दिली. ती हसली, मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ती पोच फाडली.

“बाबा, ही मी घरात कुठे ठेवू?”

पोचकाकांच्या आयुष्यातला पोच नसलेला तेवढा एकच माल. तो त्यांच्या मनाला खुपत होता. पोच नाही तर नाही, निदान शेरा तरी असावा, म्हणून त्यांनी लिहिलं होतं, ‘दुसऱ्याची ठेव.’ समास कोरा सोडला असता तर कुणाचं लक्षही गेलं नसतं.

“काका,” चष्मेवाल्यांचा आवाज आता करमणुकीचा नव्हता, “तुमचं कोठार आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं. त्यानंतर तुम्हाला उत्पन्न नाही. आणि सहा महिने दर तीन तारखेला रोख रक्कम येते. बंद पडलेल्या कोठारातला माल कुठे गेला म्हणालात?”

“शेवटच्या डब्यापर्यंतची पोच घरी आहे.”

“मग ही ठेव कुणाची?”

“ज्याची आहे त्याची.”

“नाव काय त्याचं?”

“ते त्याला विचारून सांगावं लागेल.”

“आम्ही तुमच्या हाती लाखोंचा माल देणार,” चष्मेवाले म्हणाले, “आणि तुम्ही दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात लपवता?”

“लपवला असता तर लिहिला नसता.”

“अर्धाच लिहिलाय.”

चोर म्हणून बाहेर पडायचं, नाहीतर मुलीचं नाव सांगून आत यायचं. जीभ एकदा टाळूपर्यंत गेलीसुद्धा. बारा तारखेला घरभाडं होतं.

एचआरच्या बाई मात्र मनानं चांगल्या होत्या, आणि खरा घोटाळा नेहमी चांगल्या मनाची माणसंच करतात.

“अहो, एवढं कशाला ताणायचं?” त्या म्हणाल्या. “यांचे जावई आपल्याच दुसऱ्या मजल्यावर आहेत. घरचं माणूस. त्यांना हा उतारा दाखवू, एका मिनिटात उलगडा होईल.” आणि पोचकाकांनी तोंड उघडायच्या आत फोनवर म्हणाल्यासुद्धा, “जरा वर या हो. तुमच्या सासऱ्यांच्या कागदांचं आहे.”

दुसरा मजला ते चौथा. चाळीस पायऱ्या. जावई तरुण होते. एका मिनिटात चढतील.

पोचकाकांनी खोलीभर नजर फिरवली. आग लागल्यावर भांडारपाल आधी दार बघतो, तशी. दार अर्धवट उघडं होतं आणि ते वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक पुठ्ठ्याचं खोकं अडवून ठेवलं होतं. खोक्यावर छापलेलं होतं, ‘तोट्या, अर्धा इंची, शंभर नग’. आत मात्र तोट्या नव्हत्या. आत कागद होते, काठोकाठ. सगळ्यात वर कुणाच्या तरी दवाखान्याच्या बिलाची प्रत होती, आणि तिच्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता.

“बाई,” पोचकाका म्हणाले, “माझ्या कागदांचा आवक क्रमांक काय?”

“काय क्रमांक?”

“मी सोमवारी कागद दिले. ते कुठल्या वहीत चढले? सही कुणाची? ताबा कुणाकडे?”

“वहीत कशाला? ते त्या... त्या खोक्यात होते.” बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. “सगळ्याच उमेदवारांचे तिथेच असतात.”

खाली जिन्यात पावलं वाजली. पहिल्या वीस पायऱ्या.

“चाळीसेक माणसांची बिंगं आहेत त्या खोक्यात,” पोचकाका म्हणाले, “आणि ती कुणाच्या ताब्यात आहेत हे कुणालाच माहीत नाही. कोठारातला नियम सांगतो. जो माल वहीत चढला नाही, तो आलाच नाही. आणि जो आलाच नाही, तो परत न्यायला कुणाची परवानगी लागत नाही.”

ते उठले, आणि टेबलावरची पानं गोळा करू लागले. शांतपणे, कडेला कड जुळवून.

“अहो, हे काय चाललंय?” चष्मेवाले म्हणाले. शेवटचं पान त्यांच्या हातात होतं. “हे पान मी देणार नाही.”

“तेही त्यातलंच आहे.”

पोचकाकांनी पानाचं एक टोक धरलं. चष्मेवाल्यांनी दुसरं सोडलं नाही. दोन सभ्य माणसं एका कागदाची ओढाताण करत असली म्हणजे दोघंही चेहऱ्यावर काहीच घडत नसल्याचा भाव आणतात. तसा दोघांनी आणला. जिन्यातली पावलं संपली.

जावईबापूंनी दार ढकललं. खोकं घसरत बाजूला गेलं, आणि मोकळं झालेलं दार वाऱ्यानं त्यांच्या मागे असं काही आपटलं की चष्मेवाले दचकले आणि पान सोडून बसले. पोचकाकांच्याही हातून ते निसटलं. वाऱ्यावर ते दोन हात तरंगलं, आणि जावयाच्या बुटांपाशी अलगद टेकलं.

“मामा? काय झालं?” असं म्हणत जावईबापूंनी ते उचललं.

हिशेब विभागातला माणूस. हातात आकड्यांचा कागद आला की वाचल्याशिवाय सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यांचं बोट पानावरून खाली उतरू लागलं. पोचकाकांना ते पान पाठ होतं. एकोणतीस तारीख, किराणा. तीस, विजेचं बिल. एक तारीख. आणि एक तारखेच्या खाली, लागूनच, तीन तारीख.

बोट एक तारखेवर थांबलं.

‘घड्याळाचं दुकान. शेरा, जावयाचा वाढदिवस. दिल्याशिवाय सुटका नाही.’

जावईबापूंनी तो शेरा वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्यांची नजर पान धरलेल्या आपल्याच मनगटाकडे गेली. तेच घड्याळ तिथे इमानानं चाललं होतं.

“मामा,” ते म्हणाले. कान लाल झाले होते. “सुटका नाही?”

“पण तुम्ही जरा त्याच्या खालचं—” चष्मेवाले म्हणाले.

टेबलावर ठक्कन आवाज झाला. मोठ्या साहेबांनी तोटी खाली ठेवली होती.

“कागद वहीत नाही म्हणतात ना ते?” मोठे साहेब म्हणाले. “मग त्याच्या वर काय आणि खाली काय.”

पोचकाका दोन पावलं पुढे झाले आणि जावयाच्या हातातलं पान त्यांनी अलगद काढून घेतलं. झोपलेल्या पोराच्या मुठीतून चमचा काढावा तसं.

“रागावू नका, जावईबापू.”

“म्हणजे हे मला दिसू नये, म्हणून तुम्ही कागद परत घेताय? एवढ्यासाठी? मी शब्द टाकला होता, मामा! सगळ्यांदेखत!”

पोचकाकांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. आताही केली नाही. ते फक्त गप्प राहिले. शेऱ्याचा रकाना त्यांनी जन्मात पहिल्यांदा कोरा सोडला, आणि जावयानं तो आपल्या हातानं भरून टाकला.

“मला नको होतं घड्याळ,” जावईबापू म्हणाले. “सांगायचं होतं तसं.” आणि ते तिथेच उभे राहिले, मनगट पाठीमागे घेऊन.

पानं आता सगळी पोचकाकांच्या काखेत होती. मोजून बावीस. नोकरी गेली होती, हे त्यांना कळत होतं. घरी जाऊन बायकोला सांगायचं होतं, आणि का गेली ते सांगायचं नव्हतं. परवा तीन तारीख. भाजीची पिशवी येईल. ते दाराकडे वळले.

“थांबा,” मोठे साहेब म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मेवाले सावरून बसले. जावयानंही मान वर केली. पोचकाका दाराच्या मुठीवर हात ठेवून तसेच थांबले. छातीत काहीतरी, बऱ्याच महिन्यांनी, उगाचच वर सरकलं.

“सत्तावीस वर्षं म्हणालात?”

“हो.”

“तूट?”

“एकदा. एक झाडू. नंतर सापडला.”

“पोच होती?”

“होती, म्हणूनच सापडला.”

मोठ्या साहेबांनी मान डोलावली. काखेतल्या कागदांकडे पाहिलं, पोचकाकांच्या झिजलेल्या बुटांकडे पाहिलं, बाजूला घसरलेल्या खोक्याकडे पाहिलं. तोटी पुन्हा हातात घेतली. मग आवाज जरा खाली आणून, एखाद्याला फार महत्त्वाचं काम सोपवावं तसे ते म्हणाले,

“जाता जाता ते खोकं तेवढं दाराला परत लावा. दार आपटतं.”